वसरामभाऊ, तो खिळा रिकामा नव्हता

वसरामभाऊ,

तुमचा फोटो आला. भांड्याच्या दुकानाच्या माणिकरावांनी नांदेडहून मोठा करून आणला. सोनेरी चौकट, वर काच, काचेवर चंदनाचा हार. फोटोत तुम्ही कंडक्टरच्या खाकी कपड्यांत आहात आणि चेहरा असा, की चालत्या गाडीत कोणी चढलं तर त्याची खैर नाही. तुमची माती होऊन फार दिवस झालेले नाहीत. तांड्यावरचे विधी आटोपले, पाहुणे गेले, आणि गल्लीतल्या सगळ्यांचं एकमत झालं की फोटो तुमच्या वाद्यांच्या संग्रहालयातच लागला पाहिजे. आपल्या गल्लीत कशावर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तुम्हाला त्यासाठी मरावं लागलं.

कुठे लावायचा, याची चर्चाच झाली नाही. भिंत भरलेली आहे. ढोलकी, मृदंग, संबळ, दिमडी, बँडवाल्यांचा तो पितळी भोंगा, सगळं आपापल्या जागी. मोकळा खिळा एकच. माणिकराव फोटो छातीशी धरून सरळ त्या खिळ्याकडे निघाले, आणि मी अशी ओरडले की बाहेर चहा गाळणाऱ्या रशीदचाचांचा हात हलला.

"तिथं न्हाई!"

माणिकरावांचा चेहरा पडला. "काहून न्हाई, सुजाताबाई? रिकामाच तं हाय."

रिकामा म्हणे. ज्या खिळ्यावरून तुम्ही आणि मी इतकी वर्षं भांडलो, तो त्यांना इतक्या सहज रिकामा दिसला. त्यांचा मला राग आला नाही, भाऊ. तुमचा आला. असं भांडण अर्ध्यावर टाकून कोणी उठून जातं का?

आपली ओळख एका खोळीवरून झाली, आठवतं? आखाडा बाळापूरच्या या जुन्या बाजारगल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. त्याला दुकान म्हणायचं ते केवळ वर पाटी होती म्हणून. सगळा बाजार मोठ्या रस्त्यावर सरकला होता. माणूस बसमधून उतरायचा, तिथेच खरेदी करायचा आणि पुढच्या बसमध्ये चढायचा. गल्लीत यायचे ते वाट चुकलेले, नाहीतर आडोसा शोधणारे. शेजारची आडत कधीची बंद. रशीदचाचांनीसुद्धा चहाचा गाडा रस्त्यावर नेला होता. दिवसभर मला माझ्याच मशीनचा आवाज ऐकू यायचा.

आणि तुम्ही आलात, नुकतेच रिटायर झालेले, काखेत मृदंग घेऊन. "बाई, याला ब्लाउज शिवता काय?" मला वाटलं, माणूस पिऊन आलाय. मी म्हटलं, "आमी बायायचे शिवतो." तुम्ही मृदंग माझ्या टेबलावर आडवा ठेवलात. "हिला बी बाईच समजा. पोट मोठं हाय, तेवढं सांभाळून घ्या." मी माप घेतलं, रागारागात. खोळ शिवून दिली तेव्हा तुम्ही ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणालात, "बराबर बसली. आता रोज येतो." तुम्ही ते खरं केलंत.

सगळी नोकरी तुम्ही याच जिल्ह्यातल्या गाड्यांवर काढली. गावोगाव डीजे आला, तशी लोकांनी वाद्यं माळ्यावर टाकली, आणि तुम्ही ती मागून आणत गेलात. कोणी हट्ट्याचं संबळ दिलं, कोणी जवळा बाजारची ढोलकी. बसमध्ये तुमच्या सीटवर ढोलकी बसलेली असायची आणि तुम्ही उभे. एखादी म्हातारी चढली की तिला बसवून ढोलकी तिच्या मांडीवर द्यायचे. मग आडतवाल्याच्या मागे लागून ती बंद खोली मिळवली, आतून चुना मारला, खिळे ठोकले. मी दारात उभी राहून हसत होते. "भाऊ, हितं बाया साड्या घ्यायला येईनात, तुमच्या फुटक्या ढोलक्या बघायला कोण येईल?"

"बघायला कोणी येणार न्हाई," तुम्ही म्हणालात. "आयकायला येतील."

बाजाराच्या दिवशी एक वाद्य भिंतीवरून खाली काढायचं, ज्याचं त्यालाच बोलावून दारात बसवायचं आणि वाजवू द्यायचं, एवढीच तुमची युक्ती. पहिल्याच बाजाराला हट्ट्याचा तो म्हातारा संबळ घेऊन बसला, आणि मोठ्या रस्त्यावर भाजी घेणाऱ्या बाया पिशव्या सावरत गल्लीत शिरल्या. पुढच्या बाजाराला त्यांनी शेजारणी आणल्या. रशीदचाचा गाडा ढकलत परत आले, "क्या बाई, इधर तो मेला लग गया." बांगड्यांचं दुकान उघडलं. शाळांच्या सहली यायला लागल्या, औंढ्याला दर्शनाला निघालेल्या गाड्या वळायला लागल्या. बाया माझ्याकडे माप देताना कान तुमच्या दाराकडे ठेवायच्या, आणि ब्लाउज घट्ट झाला तर दोष मी ढोलकीला द्यायची. आतून तुमचा आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका, दारात उभं राहू नका." माणसं वाद्यं बघत आहेत की उभ्यानं नांदेडला चाललीत, हे बाहेरून कळायचं नाही.

एक नियम तुम्ही पहिल्यापासून पाळला. इथे आलेलं वाद्य कैदेत नाही. ज्या घरानं ते दिलं, त्या घराच्या सणाला ते जायचं, वाजायचं आणि परत यायचं. मोहरमला ताशा जायचा. होळीला तुमच्या तांड्यावर नगारा जायचा, सोबत तुमच्या आईची काशाची थाळी. लेंगीची गाणी म्हणून म्हणून तुमचा घसा बसायचा, आणि पुढे काही दिवस तुम्ही माणसांना हातानंच पुढे सरकवायचे. भीमजयंतीला आमच्या बाबांची पेटी जायची. भिंतीवर खिळा मोकळा दिसला की बघायला आलेलं माणूस विचारायचंच, "इथलं कुठे गेलं?" तुमचं उत्तर ठरलेलं होतं.

"वाजायला गेलं. येईल."

सगळे खिळे असे मोकळे व्हायचे आणि पुन्हा भरायचे. बाबांच्या पेटीच्या वरचा तेवढा कधी भरला नाही.

पेटी तुम्हाला देताना मी तिच्यामागची गोष्ट सांगितली होती. आमच्या गावात हलगी वाजवणं आमच्या घराकडे होतं. वाजवता का, असं कोणी विचारलं नव्हतं. मेलेलं ढोर ओढायचं ते आम्ही, लग्नापुढे वाजवत चालायचं ते आम्ही, आणि पंगती उठल्यावर उरलेलं ओट्यात घेऊन घरी यायचं तेही आम्हीच. मग घरानं धम्म घेतला. त्यानंतरच्या पोळ्याला बाबांना बोलावणं आलं, बैलांपुढे वाजवायला चल म्हणून. बाबांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यांनी हलगी खुंटीवरून काढली, दोन्ही हातांनी चुलीत घातली आणि जळेपर्यंत तिथेच बसले. चामड्याचा वास कितीतरी दिवस घरातून गेला नाही, असं आजी सांगायची. गिरणीवाल्यानं आमचं दळण घ्यायचं बंद केलं, तर ती जात्यावर दळायला बसली. बाबा नंतर गायन पार्टीत गेले, पेटी शिकले. ते म्हणायचे, "हलगी मला दिली व्हती. पेटी म्या मनानं घेतली."

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. पेटी फळीवर ठेवलीत, मी शिवलेली निळी खोळ तिच्याजवळ घडी करून ठेवलीत. आणि थोड्याच दिवसांत मी बघते, तर पेटीच्या बरोबर वर एक नवा खिळा, आणि तुमच्या हातात हलगी. कोणत्या गावाहून आणली होतीत, ते मी विचारलंही नाही.

"हे काय?"

"हलगी. तुमच्या बाबाची तं जळली. दुसरी आणली."

"जळली न्हाई भाऊ. त्यायनं जाळली."

"मंग तेच तं सांगाचं हाय ना! आधी हलगी, मंग पेटी. आधीचं दिसलंच न्हाई, तं मागचं काय कळंल लोकायला?"

"आधीचं आमच्या पाठीवर हाय. भिंतीवर कशाला पाह्यजे?"

तुम्हीही तापलात. "आमच्या तांड्यायला लोकं काय काय म्हणले, तुमाला ठावं न्हाई? तरी म्या नगारा लावला का न्हाई?"

"नगारा तुमचा हाय. तुमी तुमच्या होळीला वाजवता. आमाला हलगी दुसऱ्यायच्या सणाला वाजवा लागली."

तुम्ही हलगीवरून बोट फिरवलंत. मग लहान पोरासारखं हळूच म्हणालात, "वाजती लई गोड, पण." त्यावर मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून मी जास्तच चिडले. "हलगी वर लागली, तं पेटी खालून उचलून घरी नेईन," एवढं बोलून मी दुकानात येऊन मशीनवर बसले. सुई बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती हलगी ज्या घरची त्या घरी पोचवून आलात. खिळा मात्र ठेवलात. "काढा की तो," म्हटलं, तर म्हणे, "काढला की भिंतीला भोक पडतं. राहू द्या."

भांडण तिथे संपलं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दर जयंतीला तुम्ही ते उकरून काढायचे. मिरवणुकीत आमचीच पोरं हलगी घेऊन नाचताना दिसली की माझ्या दाराशी येऊन म्हणायचे, "आता या पोरायला काय म्हणचाल?" मी म्हणायची, "वाजवू द्या. त्यायनं मनानं घेतली." तुम्ही मान हलवत जायचे आणि पुढच्या चहाला नवा मुद्दा आणायचे. मला ते आवडायचं. माझ्याशी बरोबरीनं, जीव तोडून भांडणारं माणूस मला दुसरं मिळालं नाही. घरचे लोक लवकर हो म्हणतात.

पण त्या खिळ्याबद्दल कोणी विचारलं, तर तुम्ही दुसऱ्या खिळ्यांसारखं उत्तर द्यायचे नाहीत. "हितलं बाजूच्या दुकानात इचारा," म्हणून लोकांना माझ्याकडे पाठवायचे. शाळेच्या पोरी, कॉलेजचे सर, औंढ्याहून परतणारी कुटुंबं, सगळी माझ्या मशीनपुढे येऊन उभी. मी तुमच्यावर खेकसले, "काहून तकलीफ देऊन राहिले मला? गिऱ्हाईक खोळंबलं ना!" तुम्ही म्हणालात, "मला सांगता येत न्हाई. माझी गोष्ट न्हाई ती." सुरुवातीला मी दोन वाक्यांत उरकायची. मग हळूहळू पोळा आला, चूल आली, आजीचं जातं आलं. कोण्या गावाची एक बाई सगळं ऐकून माझ्या स्टुलावर बसली आणि नुसतं म्हणाली, "आमच्या घरी बी." मी तिचं माप घेताना आम्ही दोघीही रडत होतो. ब्लाउज बिघडला, तिनं तो तसाच नेला.

ज्या माणसाचं पीठ दळायला गावानं नकार दिला, त्याचं नाव विचारत लोक या गल्लीत यायला लागले. हे तुम्ही केलंत, भाऊ. हलगी लावून झालं नसतं एवढं तुम्ही ती न लावून केलंत. मला हे फार आधी कळलं होतं आणि मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच म्हणाला असता, "पाहा, खिळा कामाला आला का न्हाई?" आणि अर्धं भांडण जिंकून बसला असता. तेवढा आनंद तुम्हाला द्यायला हवा होता. आता देतेय, तर घेणारं कोणी नाही.

दवाखान्यात दाखवायला नांदेडला निघालात, तेव्हा किल्ली द्यायला आलात. चार पावलं चालून दम लागला होता. स्टुलावर बसून म्हणालात, "सुजाताबाई, पाहा, एक दिवस तुमीच हलगी आणून लावचाल."

"माझ्या मेल्यावर."

"अन म्या आधी गेलो तं?"

"तं मंग मुळीच न्हाई. भांडायलाच कोणी राहणार न्हाई."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकलात. "येतो," म्हणालात. मी "या" म्हटलं. आपल्याकडे निघणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही.

तुमच्या मातीच्या दिवशी तांड्यावरची पोरं नगारा मागायला आली. असा काही रिवाज नाही म्हणाले, पण त्यांना तुमच्यासाठी वाजवायचा होता. मी कुलूप उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत आणला, जागेवर लावला. वाजायला गेलेला नगारा तुमच्या नियमाप्रमाणे परत आला. तुम्हाला सोबत नेलं होतं, आला एकटाच.

तेव्हापासून दार बंद होतं. बाजाराच्या दिवशी लोक गल्लीत आले, कुलूप बघितलं, रशीदचाचांना विचारलं आणि परत मोठ्या रस्त्याला लागले. पुढच्या बाजाराला आलेच नाहीत. चाचांनी उरलेला चहा गटारीत ओतला. बांगडीवाली दुपारीच दुकान बंद करून गेली. मला पुन्हा दिवसभर माझ्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागलाय, आणि तो मला सोसत नाही.

आणि अशात हा फोटो. माणिकराव खिळ्यासमोर उभे, हातात तुम्ही. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. सगळी गल्ली आत भरलेली आणि मी मध्ये आडवी. सगळ्यांच्या मनात एकच असणार, शिवणाऱ्या बाईला मेलेल्या माणसाचाही मान कळत नाही. त्या खिळ्यावर तुम्ही हार घालून बसला असता, तर पुन्हा कोणी काही विचारलं नसतं. हार घातलेल्या फोटोला कोण प्रश्न विचारतं? बाबांचा नकार तुमच्या मागे झाकून गेला असता, तोही तुमच्यावरच्या प्रेमापोटी. वाईटपणानं कोणी झाकला असता, तर मला भांडता आलं असतं.

मग मी सांगितलं. माणिकरावांचं दुकान समोर, पण त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पोळा, चूल, दळण, पेटी, सगळं सांगितलं. तिथे थांबायची माझी सवय. काल थांबता आलं नाही. तुमची बाजू मांडायला तुम्ही नव्हतात, आणि एकीचंच ऐकून लोक घरी गेले असते, तर ती लबाडी झाली असती. म्हणून तीही मीच मांडली. "आधीचं दिसलंच न्हाई, तं मागचं काय कळंल लोकायला," हे म्हणताना माझा हात तुमच्यासारखा वर गेला. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "असंच म्हणे. घरी बी असंच म्हणे."

माणिकरावांनी फोटोवरचा हार सारखा केला. मग म्हणाले, "मंग खरं कोणाचं, ताई?"

"ठरलं न्हाई अजून," मी म्हटलं.

ते फोटो वहिनींच्या मांडीवर ठेवून दुकानात गेले, हातोडी आणि खिळा घेऊन आले. दाराजवळच्या तुमच्या खुर्चीच्या वर त्यांनी तो ठोकला. वाकडा ठोकला. तुम्ही जरा डावीकडे कलला आहात आणि थेट दाराकडे बघताय. लोक बाहेर पडताना दारात रेंगाळले, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "पुढं सरका, पुढं सरका." कोणी हसलं नाही.

आज मी दार उघडलं. कळमनुरीच्या गाडीतून उतरलेली एक म्हातारी आली, तुम्हीच कधीतरी तिच्या मांडीवर ढोलकी दिली असणार. तिची नजर अधू, फोटो काही तिला दिसला नाही. खुर्ची रिकामी बघून तिनं विचारलं, "कंडक्टर कुठं गेले वं माय?"

वाजायला गेले, एवढं मी बोलून बसले. पुढचा शब्द इतक्या वर्षांच्या सवयीनं ओठांवर आलेला होता. तो मला बोलता आला नाही, भाऊ. म्हातारी वाट बघत उभी राहिली. मग तिला समजलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि निघून गेली.

पेटीच्या वरचा खिळा तसाच आहे. विचारायला येतील त्यांना दोन्ही बाजू सांगेन, माझी माझ्या आवाजात आणि तुमची तुमच्या. पण एकट्यानं भांडण होत नाही हो. एकदा या. ती हलगी घेऊन या आणि लावून दाखवा. मी भांडेन, गल्ली गोळा होईल इतकं भांडेन. पेटी मात्र उचलणार नाही.